मराठवाड्यातल्या संस्थांसाठी कार्यकर्त्यांची ऑनलाइन डिरेक्टरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर-बीडकडच्या एका संस्थेची माणसांची यादी मी गेली काही वर्षं सांभाळतो. तीन तालुके, पगारी माणसं थोडी, मानधनावरची त्याहून जास्त आणि स्वतःच्या गाडीत पेट्रोल टाकून येणारी सगळ्यात जास्त. आजूबाजूच्या संस्थांमधून फोन येतात, "आम्हालाबी असं काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करावं?" प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत.

व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे ना. मग वेगळी डिरेक्टरी कशाला?

ग्रुपवर निरोप जातो, पण माणूस सापडत नाही. कुणी स्वतःचं नाव 'माऊली' ठेवलेलं असतं, कुणी 'पाटील', कुणाच्या नावाच्या जागी नुसतं गुलाबाचं फूल. कोण कोणत्या गावाला काम करतं हे फक्त ॲडमिनला माहीत असतं आणि ॲडमिनचा फोन पाण्यात पडला की तेही गेलं. शिवाय ज्याला खरी गरज आहे, म्हणजे निराधार योजनेचा अर्ज घेऊन तहसीलबाहेर बसलेली आजी, ती तुमच्या ग्रुपमध्ये नसतेच.

यादी एक करायची की दोन?

माहितीचं कोठार एकच ठेवायचं, त्याला दारं मात्र दोन काढायची. एक आतलं दार कार्यालयासाठी : त्यात घरचा पत्ता, दुसरा नंबर, अडीअडचणीला कुणाला कळवायचं, रक्तगट, रुजू झाल्याची तारीख. दुसरं रस्त्याकडचं : नाव, काम, कोणती गावं, कोणत्या नंबरवर, किती वाजता. बस्स.

सुरुवातीला आम्ही दोन वेगळ्या फायली केल्या होत्या. सहा महिन्यांत एकीत ताईंचा नवा नंबर, दुसरीत जुना, आणि खरा कोणता ते ताईंनाच विचारावं लागायचं. पण विचारायचं कोणत्या नंबरवर? तेव्हापासून मूळ शीट एकच आहे. बाहेरचं पान त्यातल्या मोजक्या रकान्यांवरून तयार होतं.

बाहेरच्या पानावर नेमकं काय टाकावं?

यावर बैठकीत हमखास दोन तास जातात, कारण प्रत्येकाला वाटतं आपली एखादी गोष्ट राहू नये. अध्यक्षांना पदव्या हव्या असतात, प्रकल्प समन्वयकाला पुरस्कार, कुणाला जन्मतारीख ("वाढदिवसाला शुभेच्छा देता येतील"). माझी कसोटी एकच. पान उघडणारा माणूस गावातला आहे, हातात साधा स्मार्टफोन आहे, बॅटरी अकरा टक्के आहे आणि त्याला एकच फोन लावायचा आहे. त्या फोनसाठी जे लागत नाही ते पानावर नको.

पदनामांचंही तेच. 'क्लस्टर फॅसिलिटेटर' हे पद देणगीदाराच्या कागदावर शोभतं. गावातल्या माणसाला 'महिला बचतगट – ही बारा गावं' असं लिहिलं की समजतं. पदनाम लिहायचंच असेल तर कामाच्या खाली, बारीक अक्षरात.

घरचा पत्ता, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, जात-प्रवर्ग, बँक खातं यांतलं काहीही बाहेर नको. रक्तगटाबद्दल वाद होतो. रक्तदानाचं काम करणाऱ्या संस्थेला तो हवाच असतो, पण ती वेगळी यादी झाली आणि तिला वेगळी संमती लागते.

आधार आणि पॅन गोळा करून ठेवावेत का?

पगार-मानधनाच्या हिशेबाला जे लागतं ते लेखापालाच्या फाइलला असू द्या. डिरेक्टरीच्या शीटमध्ये तो रकानाच नको. आधार क्रमांक जाहीर करायला तर २०१६ च्या आधार कायद्यातच मनाई आहे.

संमती घ्यावीच लागते का? आमची सगळी माणसं घरचीच आहेत.

घरचीच आहेत म्हणूनच विचारायचं. बाहेरचा माणूस सरळ "नको" म्हणतो, घरचा माणूस भिडेपोटी गप्प बसतो.

कायद्याचं सांगायचं तर 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम' २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती, सूचना वगैरे मुख्य तरतुदी अमलात आणायला १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. ना-नफा म्हणून सूट मिळेल या भ्रमात राहू नका. ट्रस्ट, सोसायटी, कलम ८ ची (ना-नफा) कंपनी हे सगळे त्यात येतात. वहीतली जुनी यादी टाइप करून संगणकात घेतली की तीही या कायद्याखाली आली. माहितीची नीट राखण न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तो आकडा मोठ्या कंपन्यांकडे बघून ठेवलेला आहे हे खरं, पण छोट्या संस्थेची अब्रू त्याच्या कितीतरी आधी जाते.

व्यवहारात करायचं एवढंच. एका पानाचा मराठी कागद करा : कोणती माहिती घेतोय, कशासाठी, बाहेर काय दिसेल, आत काय राहील, नाव काढायचं असेल तर कुणाला सांगायचं. प्रत्येक गोष्टीपुढं वेगळी चौकट ठेवा. 'माझं नाव दाखवा', 'माझा नंबर दाखवा', 'माझा फोटो दाखवा'. सगळ्याला मिळून एकच सही घेऊ नका. आधीच टिक केलेली चौकट तर अजिबात नको. आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे, असं कायदाच म्हणतो. अर्ज करा, मंजुरी घ्या, समितीपुढं या, असलं काही नाही. फोनवर "माझं नाव काढा" म्हटलं की काढायचं.

पगारी माणसांची माहिती नोकरीच्या कामापुरती वापरायची मोकळीक कायद्यात आहे. ती वेबसाइटवर टाकणं त्यात बसतं असं मात्र धरून चालू नका. त्यांनाही विचारा.

राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं येतात. त्यांची नावं टाकायची का?

अकरावी-बारावीची असतील तर बाहेर नाही. या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्यांची माहिती घ्यायलाच पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. पदवीच्या वर्गातलीही वर्षाला १२० तासांचं काम करून पुढं जातात. त्यांचे नंबर पानावर टाकण्यात फारसा अर्थ नाही. कॉलेजचे कार्यक्रम अधिकारी तयार असतील तर त्यांचं एक नाव पुरे.

नावं कशी लिहायची? यातच सगळा घोळ होतो.

होतोच. तयार फॉर्ममध्ये 'पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव' असे तीन रकाने असतात आणि मराठवाडा त्या तीन रकान्यांत मावत नाही.

आमच्याकडे मुस्लिम कार्यकर्त्यांची नावं 'शेख अमुक शेख तमुक' अशी लिहिली जातात. दुसरा शेख वडिलांचा. सय्यद, पठाण यांचंही तेच. तीन रकान्यांच्या फॉर्मनं पहिल्याच दिवशी आमच्या यादीत नऊ जणांचं 'पहिलं नाव' शेख करून टाकलं आणि पान उघडल्यावर "नमस्कार शेख, नमस्कार शेख" सुरू झालं. महिलांचं वेगळंच : माहेरचं आडनाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं रेशनकार्डावर, आणि गावात ओळख तिसऱ्याच नावानं. पुरुषांत कागदावर ज्ञानेश्वर असलेला माणूस पंचवीस वर्षं 'बाळू' असतो. ज्ञानेश्वर म्हणून विचारलं तर त्याच्या गल्लीतलेही मान हलवतात.

तीन रकाने काढून टाका. त्यांच्या जागी हे ठेवा : 'पूर्ण नाव, तुम्ही लिहिता तसं' आणि 'गावात ज्या नावानं ओळखतात'. तिसरा रकाना इंग्रजी अक्षरांतल्या नावाचा, कारण शोधणारा निम्म्या वेळा मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतच टाइप करतो. क्रमवारीसाठी हवा तर चौथा, कार्यालयानं भरायचा, बाहेर न दिसणारा.

आडनावाबद्दल आणखी एक. आपल्याकडे आडनाव कळलं की समोरचा पुढचं सगळं ओळखतो, आणि कधी कधी फोन लावायचा की नाही तेही त्यावरच ठरवतो. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पाहिलेल्या मराठवाड्यात हे कुणी कुणाला शिकवायची गरज नाही. आमच्या काही तरुण कार्यकर्त्यांनी 'आडनाव नको, नाव आणि काम पुरे' असं सांगितलं. आम्ही मान्य केलं. मग ते फक्त त्यांच्यापुरतं ठेवलं तर त्यावरूनच ओळखू यायचं, म्हणून बाहेरच्या पानावर सगळ्यांचीच आडनावं काढली, अध्यक्षांचं सोडून. अध्यक्ष अजून नाराज आहेत की त्यांचंच का ठेवलं.

गावांची नावं सारखी असतात. ओळखायचं कसं?

पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, पिंपरी नसलेला तालुका दाखवा. वर बुद्रुक आणि खुर्द. नुसतं 'वडगाव' लिहिलं तर परळीचा माणूस निलंग्याच्या कार्यकर्त्याला फोन लावतो. म्हणून गाव, तालुका, जिल्हा ही तिन्ही वेगळ्या रकान्यांत, आणि ती टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. पंचायतराज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला वेगळा क्रमांक दिलेला आहे. तुमच्या तालुक्यांची यादी तिथून एकदाच उतरवून घ्या. तो क्रमांक आतल्या शीटमध्ये ठेवला की दोन वडगावं पुन्हा एक होत नाहीत.

जिल्ह्यांची गोष्ट गमतीची. जालना १ मे १९८१ ला वेगळा जिल्हा झाला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला, हिंगोली १ मे १९९९ ला. जुन्या संस्थेच्या वहीत वसमतच्या कार्यकर्त्यापुढं 'जि. परभणी' सापडणार आणि अहमदपूरच्या पुढं 'जि. उस्मानाबाद'. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. शीटमध्ये आजचं अधिकृत नाव लिहा, पण शोधताना जुनं नाव टाकलं तरी माणूस सापडला पाहिजे. त्यासाठी 'इतर नावं' असा एक लपलेला रकाना पुरतो. अंबाजोगाई आणि आंबेजोगाई, दोन्ही त्यातच.

कार्यकर्ता वर्षभर गावात नसतो. ते कसं दाखवायचं?

पुण्या-मुंबईकडच्या तयार साच्यांत 'उपलब्धता : सोमवार ते शुक्रवार' असा पर्याय असतो. आपल्याकडे वार विचारून काही कळत नाही, महिना विचारावा लागतो.

बीड जिल्ह्यातली आमची कितीतरी बचतगटाची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडाला. त्या काळात त्यांच्या गावच्या नावापुढं त्यांचाच नंबर दिसत राहिला, तर फोन लागतो, पण माणूस उसाच्या फडात असतो. उलटंही आहे : तिथल्या फडावर बाळंतपणाची अडचण आली तर आपली तीच ताई सगळ्यात उपयोगाची. म्हणून आमच्या शीटमध्ये दोन रकाने आहेत, 'गावात असण्याचे महिने' आणि 'हंगामात कुठं'. पहिला बाहेर दिसतो, दुसरा फक्त आत.

जून-जुलैत पेरणी. आषाढीला अर्धी माणसं दिंडीत. ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी. पोलीस भरती निघाली की पोरं मैदानावर. हे सगळं धरून प्रत्येक गावापुढं दोन नावं ठेवायची आमची पद्धत आहे, आणि ती दोघं एकाच घरची नसावीत. नवरा-बायको दोघंही कार्यकर्ते असले तर कोयत्याला दोघं मिळूनच जातात. ऊसतोडीतल्या 'कोयता' या शब्दाचा अर्थच जोडपं.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? एका कंपनीनं मोठा खर्च सांगितलाय.

शंभर-दीडशे माणसांपर्यंत गुगल शीट आणि गुगल फॉर्म भरपूर झालं. वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर तिथं डिरेक्टरीचे फुकट प्लगइन (साइटला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) मिळतात. हजारभर माणसं, देणगीदार, प्रशिक्षणं, हजेरी हे सगळं एकत्र बांधायचं असेल तर सिव्हीसीआरएम हे खुल्या स्रोताचं सॉफ्टवेअर खास संस्थांसाठीच आहे. ते फुकट आहे, पण चालवायला जाणकार माणूस लागतो, आणि तो माणूस तालुक्याच्या गावी टिकत नाही.

शीट वापरताना ठेच लागते ती ठिकाणं सांगतो.

रकाना लपवला म्हणजे माहिती लपली असं नाही. शीट उतरवून घ्यायची परवानगी असेल तर कुणीही प्रत काढून लपलेला रकाना उघडू शकतं. बाहेरच्यासाठी वेगळी फाइल करा आणि त्यात लागतील तेवढेच रकाने आणा. ते मूळ शीटमधून सूत्रानं आपोआप ओढून आणता येतात, पण मग त्या बाहेरच्या फाइलमध्ये बदल करायचा अधिकार कुणालाही देऊ नका. एकदा जोडणी दिली की तिथं लिहू शकणारा माणूस मूळ फाइलमधलं काहीही ओढू शकतो. हे आम्हाला एका हुशार पोरानं करून दाखवलं, तेव्हा सगळ्यांच्या मानधनाचे आकडे भिंतीवरच्या प्रोजेक्टरवर होते.

फोन नंबरचा रकाना आधीच 'मजकूर' प्रकारचा करून ठेवा. नाहीतर एसटीडी कोडच्या पुढचं शून्य गळतं, ०२३८२ चं २३८२ होतं, आणि 'अधिक ९१' नं सुरू होणारा नंबर शीटला गणित वाटतो. बाहेरच्या पानावर नंबरवर बोट ठेवलं की थेट फोन लागला पाहिजे. लोक नंबर पाठ करून टाइप करत नाहीत.

आणि डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), जीमेल, सगळं संस्थेच्या नावावर. आमचं डोमेन ज्या मुलानं हौसेनं घेऊन दिलं होतं, तो नोकरीला बाहेर गेला, नूतनीकरणाचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहिले आणि एका सकाळी आमच्या नावाच्या साइटवर भलत्याच जाहिराती होत्या.

जुनी यादी श्रीलिपीत आहे. कॉपी केली की अक्षरं विचित्र दिसतात.

श्रीलिपी, कृतीदेव यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी दिसायची, आत मात्र इंग्रजी चिन्हंच असायची. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर दिसणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलावी लागतात. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. शंभरेक नावं असतील तर मी म्हणेन, कन्व्हर्टर सोडा आणि फोन करून नव्यानंच भरा. तसंही त्यातले बरेच नंबर बंद असतात.

ताई म्हणतात, नंबर टाकू नका, रात्री-अपरात्री कुणीही फोन करतं.

त्यांचं बरोबर आहे आणि यावर वाद घालू नये. संस्थेच्या नावानं सिम घ्या. तालुक्याला एक नंबर, तो ज्याची पाळी त्याच्याकडे. ताईंच्या नावापुढं तोच नंबर, सोबत 'सकाळी १० ते संध्याकाळी ६'. माणूस काम सोडून गेला तरी नंबर संस्थेकडे राहतो, हा वरचा फायदा. व्हॉट्सॲप बिझनेस तर लँडलाइनवरही चालू करता येतं. पडताळणीचा आकडा फोनवर ऐकू येतो.

कौटुंबिक हिंसाचार, परित्यक्ता, बालविवाह या विषयांवर काम करणाऱ्यांचं गाव आणि फोटोही टाकू नका. लग्न थांबवलं म्हणून चिडलेले पाहुणे कार्यालयात येत नाहीत, थेट कार्यकर्तीच्या दारात येतात. अशा कामासाठी पानावर फक्त संस्थेचा क्रमांक द्या. पीडित महिलांची किंवा मुलांची माहिती तर या शीटच्या आसपासही नको.

विश्वस्तांची नावं द्यावीत का?

द्यावीत, आणि ती धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकशी (संस्थेच्या अधिकृत नोंदीशी) जुळली पाहिजेत. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. अर्ज दाखल आहे पण मंजुरी बाकी आहे, तर पानावर तसं लिहा. सीएसआर निधी (कंपन्यांचा समाजकार्याचा पैसा) देणारे तुमची वेबसाइट, संस्थांच्या नोंदणीचं सरकारी दर्पण पोर्टल आणि परिशिष्ट शेजारी ठेवून पाहतात. तीन ठिकाणी तीन अध्यक्ष दिसले की पुढचा मेल येत नाही.

दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असतेच. ती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावायला कायदा सांगतो. समितीची नावं डिरेक्टरीतही ठेवा, बाहेरच्या सदस्यासकट. स्वयंसेवक महिलांना ती समिती आपल्यासाठीही आहे हे बऱ्याचदा माहीतच नसतं.

फोटो हवेत का?

हवे तर ठेवा. लहान आकाराचे, नाहीतर गावातल्या नेटवर पान उघडत नाही. लग्नातले फेटेवाले फोटो येतील, तयारी ठेवा.

यादी ताजी कोण ठेवणार?

खरा प्रश्न हाच आहे आणि तो सगळ्यात शेवटी विचारला जातो. पान बनवायला चार दिवस पुरतात. वर्षभरानं पाहावं तर निम्मे नंबर "उपयोगात नाही" सांगतात. त्याहून वाईट म्हणजे नंबर लागतो आणि पलीकडे भलताच माणूस असतो : रिचार्ज न केल्यानं बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला देता येतो. आमच्या एका आरोग्य कार्यकर्तीचा जुना नंबर असाच एका ट्रकचालकाकडे गेला. तो बिचारा दोन महिने गरोदर बायांना सांगत होता, "मी त्या ताई नव्हं, पण दवाखान्यात जा, उशीर करू नका."

'सगळ्यांनी आपापली माहिती अपडेट करावी' असा ठराव करून काही होत नाही. एका माणसाचं नाव लिहा आणि त्याच्या कामाच्या कागदात हे घाला. आमच्याकडे महिन्याच्या मासिक बैठकीत चहाच्या आधी दहा मिनिटं यादीची असतात. प्रत्येक तालुका समन्वयक आपली पानं वाचतो : कोण आलं, कोण गेलं, कुणाचा नंबर बदलला. शिवाय वर्षातून दोनदा, गुढीपाडव्यानंतर आणि दसऱ्याच्या आधी, प्रत्येक नंबर खरोखर लावून पाहायचा. हे दोन मुहूर्त देवाधर्मासाठी नाहीत. पाडव्यानंतर ऊसतोडीची माणसं परतलेली असतात, दसऱ्याआधी जायच्या तयारीत असतात.

नावापुढं 'शेवटची खात्री' अशी तारीख ठेवा आणि ती बाहेरही दिसू द्या. सहा महिन्यांच्या आत खात्री झाली नाही तर नाव पानावरून आपोआप उतरावं, अशी सोय शीटच्या सूत्रातच करून टाका. सुरुवातीला यादी निम्म्यानं आखूड होते आणि वार्षिक अहवालात दाखवायला आकडा लहान दिसतो. होऊ द्या.

माणूस काम सोडून गेला, तर नोंद पुसायची?

बाहेरून त्याच दिवशी. आतून, हिशेबाला आणि कायद्याला जेवढं लागतं तेवढंच ठेवून बाकी पुसा. शीटवरचे, मेलवरचे, फेसबुक पानावरचे अधिकार काढायलाही तोच दिवस. भांडून गेला असेल तर हे जास्त महत्त्वाचं, पण हसत गेला तरी करायचंच. नाहीतर ज्याच्याशी भांडण झालं त्याच्याशीच असं वागलो असं होतं.

कुणी वारलं तर घाई नको, पण उशीरही नको. फोन घरात कुणाकडे तरी असतो आणि तेराव्याच्या आधीच "दादा, रेशनचं काय झालं?" असे फोन त्या घरी जात राहतात. आधी नंबर काढा. नावाचं काय करायचं ते घरच्यांना विचारून.

कुणी यादीतले नंबर उचलून फसवणूक केली तर?

"सचिव बोलतोय, प्रशिक्षणाचे पैसे पाठवा" असे फोन संस्थांच्या माणसांना येतात. पानावर ठळक लिहा की संस्था फोनवर पैसे आणि ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, मागाहून पोलीस ठाणं. सगळ्या नंबरांची पीडीएफ करून ग्रुपवर टाकण्याची सवय असेल तर ती आधी मोडा; ती पीडीएफ कुठवर गेली हे नंतर देवालाही सांगता येत नाही.

नेट नसेल, वीज नसेल, तेव्हा काय?

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची जमीन हलली, तेव्हा आदल्या दिवशीचं गणेश विसर्जन आटोपून माणसं नुकती झोपली होती. पुढचे दिवस देशभरातून मदतीला माणसं आली. कोण कुठल्या गावात आहे, कुणाला मलम-पट्टी येते, कुणाकडे जीप आहे, हे जाणत्या माणसांच्या डोक्यात होतं. आज ते शीटमध्ये आहे, आणि मोबाइल टॉवर बंद पडला की शीट उघडत नाही.

म्हणून छापील प्रत. तीसुद्धा दोन प्रकारची : बाहेरची भिंतीवर, आतली कुलपाच्या कपाटात. आतल्या प्रतीत 'अडचणीला उपयोगी' असा एक रकाना आहे : पोहता येतं, ट्रॅक्टर आहे, प्रथमोपचार शिकलेत, उर्दू येते, बंजारा बोली येते. प्रत्येक प्रतीवर तारीख टाका आणि नवी लावताना जुनी हातानं फाडून टाका. आमच्या एका उपकार्यालयात अजून जुनी यादी नव्या यादीच्या खाली चिकटवलेली सापडते, कारण भिंतीचा रंग निघेल म्हणून शिपाईमामा ती काढू देत नाहीत.